अष्टमीची रात्र आणि मुलांचा पहिला तंबू

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली की आमच्या रत्नागिरीकडे हवा पालटते. सकाळी कौलांवरून दव ठिबकायला लागतं, दुपारची तलखी कमी होते आणि पुण्या-मुंबईच्या भावंडांचे फोन सुरू होतात. हल्ली त्या फोनवर एक प्रश्न हमखास असतो. "मुलांना घेऊन समुद्रावर तंबूत राहायचं म्हणतोय. काय काय सामान घेऊ?"

मी आधी उलट विचारते, "तिथी कोणती धरली आहेस?"

हे मी आमच्या पहिल्या खेपेला शिकले. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, मुलगा साडेतीनचा. तंबू नवा, टॉर्च नवे, झोपायच्या पिशव्यासुद्धा नव्या. चांदणं मिळावं म्हणून मुद्दाम पौर्णिमा निवडली. संध्याकाळी समुद्र लांब गेला होता, पुळण ओली आणि सपाट होती, मुलं मनसोक्त हुंदडली. रात्री साडेअकराला पाणी तंबूपासून आठ-दहा पावलांवर आलं. गाज इतकी वाढली की आम्हाला एकमेकांशी मोठ्यानं बोलावं लागत होतं. थंडी लागेल म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. चौघांच्या श्वासाची वाफ छताला आतून धरली, तिचे थेंब झाले आणि त्यातला एक झोपलेल्या मुलाच्या कपाळावर पडला. तो दचकून उठला. बाहेर तो आवाज, आत अंधार. "समुद्र आत आला" म्हणून त्यानं जो टाहो फोडला, तो तासभर थांबेना. शेवटी रात्रीच गाशा गुंडाळला. जवळच्या वाडीतल्या एका आजींनी आम्हाला त्यांच्या पडवीत जागा दिली. सकाळी मुलांना मऊ भात वाढता वाढता त्या मला म्हणाल्या, "बाय, उधाणाच्या दिवशी पोरांना घेऊन पुळणीवर कशाला गेलीस?"

त्या माउलीनं मला जे सांगितलं, ते किनाऱ्यावरच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची, की त्या दिवसाच्या भरतीची वेळ अदमासानं मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटेही तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेला पाणी सगळ्यात वर चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार सगळ्यात कमी, तो भांग.

लहान मुलांच्या पहिल्या रात्रीसाठी म्हणून शुद्ध अष्टमी-नवमी धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी फार वर येत नाही. दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी संपते, म्हणजे तीन ते पाच या मुलांच्या खेळायच्या वेळी पाणी आत येत असतं. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं, म्हणून आमच्याकडे ओहोटी लागली की पोरांना समुद्रात उतरू देत नाहीत. शिवाय त्या दिवशी सूर्य मावळतो तेव्हा अर्धा चंद्र डोक्यावर असतो. मुलांना जेवताना उजेड मिळतो. मध्यरात्री चंद्र मावळतो, पाणीही तेव्हाच लांब गेलेलं असतं आणि गाज हलकी होते. कार्तिक ते माघ या चार महिन्यांतली अशी एखादी रात्र शनिवारी येते का ते कॅलेंडरवर बघा. पावसाळ्यात हा बेत मुळीच करू नका.

आता तिथी ठरली, तरी निघायची घाई नको. आधी दोन रात्री घरी तंबू लावा. अंगण असेल तर अंगणात, नाहीतर गच्चीवर. तेही नसेल तर दिवाणखान्यातल्या खुर्च्या सरकवून. आम्ही दुसऱ्या खेपेला हेच केलं, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत मोलाची गोष्ट हीच होती. तंबूची चेन ओढताना होणारा आवाज, कापडाला आतून हात लागल्यावर होणारी सळसळ, टॉर्चच्या उजेडात कापडावर पडणारी आपलीच मोठी सावली, हे सगळं मुलाला आधी आपल्या घराच्या आसऱ्यात भेटू दे. मुलगा पहिल्या रात्री अकरा वाजता उठून आत पळाला. आम्ही त्याला काही म्हटलं नाही. दुसऱ्या रात्री सकाळपर्यंत झोपला. त्याला मी बाथरूमच्या आरशावर तोंडाची वाफ धरून दाखवली, मग तंबूच्या छताचा थेंब दाखवला. "हे आपलंच पाणी," असं तो पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होता. तेव्हापासून कितीही गारवा असला तरी आम्ही तंबूची वरची झडप आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवतो, नुसती मच्छरजाळी लावून.

आणखी एक. मुलांना कामं द्या, आणि ती खरीखुरी असू द्या. आमच्या मुलीकडे खुंट्या होत्या, बारा. लावताना मोजायच्या, काढताना मोजायच्या. धाकट्याकडे चपलांची रांग. ज्या मुलानं तंबू उभा करायला हात लावला आहे, त्याला त्या तंबूत परकं वाटत नाही.

आता जागा. मोकळ्या पुळणीवर कुठेही तंबू ठोकता येतो असा समज करून घेऊ नका. सुरूचं बन बऱ्याच ठिकाणी वनखात्याचं असतं, माडांची वाडी कुणाच्या तरी मालकीची असते. ग्रामपंचायतीत विचारा, वाडीच्या मालकांना विचारा. मला तर पहिल्या खेपेला वाडीतच जागा मागून राहणं सगळ्यात बरं वाटतं. घर हाकेच्या अंतरावर असतं, विहिरीचं पाणी मिळतं आणि मुलांच्या संडासाची सोय होते. फक्त माडाखाली तंबू लावायचा नाही. नारळ तर पडतोच, पण वाळकी झावळ त्याहून जास्त वेळा पडते, आणि ती चांगली जड असते.

किनाऱ्यालगत राहणार असाल तर मर्यादवेल शोधा. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची ही वेल वाळूवर पसरलेली असते. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून तिचं हे नाव. तिच्या वरच्या अंगाला तंबू लावा, तिच्यावर नव्हे, कारण तीच वाळू धरून ठेवते. वाऱ्याचाही विचार करा. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारे सुटतात. म्हणून तंबूची निमुळती बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, आणि चूल तंबूच्या पुढेही नको, मागेही नको. बाजूला, दहा-पंधरा पावलांवर. कोरड्या वाळूत खुंटी टिकत नाही, हेही आधीच सांगते. कापडी पिशव्या न्या, त्यांत वाळू भरा, तोंड बांधून दोरीला अडकवा आणि हातभर खोल पुरा. असा ताण मध्यरात्रीच्या वाऱ्यातही ढिला पडत नाही.

चुलीबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे मोठी माणसंच चुकतात. तीन दगडांची चूल मांडायला हरकत नाही, पण सुरूच्या बनात नको. तिथली वाळकी पानं ठिणगीसरशी पेटतात. जेवण झाल्यावर निखाऱ्यांवर वाळू लोटून देतात, ते तर कधीच करू नका. वाळूखाली निखारा तासन्‌तास धगधगत राहतो आणि वरून काही दिसत नाही. सकाळी अनवाणी पोर नेमकं तिथूनच धावत जातं. बादलीभर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता, हात जवळ धरून बघा, आणि मगच झोपायला जा. तंबूच्या आत शेगडी, स्टोव्ह, निखाऱ्यांचं घमेलं काही म्हणजे काही न्यायचं नाही. बंद जागेतला तो धूर दिसत नसला तरी झोपेतच जीव घेतो.

जेवणाचा थाटमाट नको. आम्ही घरून तांदळाच्या भाकऱ्या नेतो, तिथे पिठलं करतो. मुलांसाठी मऊ भात, तूप, मेतकूट. आमसूल बरोबर असलं की सारही होतं. सकाळी शहाळी वाडीतच मिळतात, ती मालकांकडून विकतच घ्या. झोपायच्या पिशव्या आम्ही पुन्हा नेल्या नाहीत. खाली ताडपत्री, वर चटई आणि आजीची गोधडी. त्या गोधडीला घराचा वास असतो, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता त्याची फार गरज असते.

समुद्रात खेळताना आमच्याकडे एक नियम आहे. पाण्यात मुलांवर लक्ष ठेवणारा माणूस एकच, आणि तो नावानं ठरलेला. "सगळे आहेत की" असं जिथे असतं, तिथे कुणाचंच लक्ष नसतं. त्या अर्ध्या तासात त्या माणसानं फोन हातात घ्यायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, आणि मूल हाताच्या अंतरावर हवं. पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंतच. बुडणारं मूल ओरडत नाही, श्रोतेहो. ते मुकाट्यानं खाली जातं. आणि उतरण्याआधी होडीजवळ जाळं विणत बसलेल्या एखाद्या दादांना विचारा, इथे पाणी कुठे ओढतं. शेजारच्या दोन पुळणींचा स्वभावही सारखा नसतो, आणि ते त्यांनाच ठाऊक असतं.

मुलांच्या गळ्यात शिट्टी घाला. हरवलं तर जागचं हलायचं नाही, तिथेच उभं राहून शिट्टी वाजवायची, हा खेळ घरीच दोन-चार वेळा खेळून घ्या. तुमचा फोन नंबर मुलाच्या दंडावर पेनानं लिहा.

आता विंचू-सापाचं. भीती घालत नाही, पण कोकणात राहणारी आई हे टाळून पुढे जाऊ शकत नाही. आपल्या कातळांवर फुरसं हा विषारी साप असतो, दगडांखाली, नारळाच्या वाळक्या सोडणांच्या ढिगात विंचू असतो. सरपण गोळा करायला मुलांना पाठवू नका. तंबूची चेन दिवसाही लावलेली हवी. सकाळी चप्पल-बूट उलटे करून झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत, हे धाकट्यालाही जमतं. लाल विंचू लहान मुलाला चावला तर ती साधी गोष्ट नसते. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणं असं दिसलं तर एक मिनिट दवडू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर वापरून दाखवलं आणि कोकणातल्या किती पोरांचे जीव वाचले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर जायचंच नाही. मुलाला हलू न देता उचलून थेट दवाखान्यात. आणि म्हणून निघण्याआधी एक फोन करा. मुक्कामाजवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, तिथे सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, रस्ता किती वेळाचा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ आणीबाणीचा, आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४. हे तिन्ही नंबर कागदावर लिहून तंबूत टाचा, कारण फोनची बॅटरी संपते.

औषधांच्या डब्यात तापाचं औषध मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून घ्या, जुन्या अंदाजानं नको. ओआरएसची पाकिटं घ्या. संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. जेलीफिशचा चटका बसला तर चोळू नका, गोडं पाणीही नको. समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

थंडीत तुम्ही वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्याला असाल तर रात्री टॉर्च कमी वापरा, गाण्यांचा दणदणाट नको. याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला वाळूवर येतात. उजेड दिसला की त्या माघारी फिरतात, आणि पिल्लं तर उजेडाकडेच वाट चुकतात. आम्ही टॉर्चच्या काचेवर लाल कागद लावतो. मुलांना कारण सांगितलं की ती आपणहून दबक्या आवाजात बोलायला लागतात.

दुसऱ्या खेपेची ती अष्टमी. जेवून झाल्यावर चटईवर पडून मुलीला मृग दाखवला, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, खाली लखलखणारा व्याध. धाकटा तोवर गोधडीत झोपला होता. मध्यरात्री एकदा जागा झाला. "समुद्र कुठे आहे?" म्हणाला. "लांब गेलाय, ऐक," मी म्हटलं. त्यानं ऐकलं आणि कूस बदलली.

सकाळी ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या वळून ठेवल्या होत्या, मोहरीएवढ्या, बिळाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाणं टिपतो आणि उरलेली गोळी करून टाकतो. दोघं तासभर उकिडवी बसून ते बघत होती. मग आम्ही तंबू उतरवला, चुलीची राख गार असल्याचं पुन्हा पाहिलं, कचरा आणि डायपर पिशवीत बांधून गाडीत घेतले. मुलीनं खुंट्या मोजल्या. बारा.

त्या रात्री घरी, पलंगावर, दिवा मालवल्यावर धाकट्यानं विचारलं, "आई, आज समुद्र का नाही वाजत?"

नमस्कार.