उष्टं पाणी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय रंगाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या सांडपाण्याबद्दल.

तमिळनाडूत तिरुप्पूरला नोय्यल नदी या पाण्यानं पार नासली. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयानं तिथले रंगाचे कारखाने बंद करायला लावले. सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाता कामा नये! मग मदतीला आले मेम्ब्रेन, म्हणजे बारीक छिद्रांचे पडदे. आधी गाळ बसवायचा, बरीचशी घाण जिवाणूंना खाऊ घालायची. मग अल्ट्राफिल्ट्रेशन; त्याची छिद्रं साधारण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी. शेवटी आरओ, तुमच्या ओट्यावरचाच, पण दाब दांडगा. तो विरघळलेलं मीठसुद्धा अडवतो. पुन्हा सांगतो: आधी गाळ, मग अल्ट्राफिल्ट्रेशन, शेवटी आरओ. क्रम चुकला की पडदे चोंदलेच. आणि घरच्या आरओच्या नळीचं पाणी मोरीत सोडू नका हो, फरशी तरी पुसा.

आता आमच्या मास्तरांची गोष्ट. सोलापुरात टॉवेलचं सूत रंगवण्यात त्यांची हयात गेलेली. (चादरी पूर्वीसारख्या जाड राहिल्या नाहीत, हे माझं मत. असो.) मालकांनी असाच प्लांट बसवला, तर मास्तर अडून बसले. "एकदा रंगवून झालेलं पाणी म्हणजे उष्टं की हो! त्यात नवं सूत बुडवू?"

मालक म्हणाले, "करून तर बघा."

मास्तरांनी दोन लड्या घेतल्या. रंग तोच, माप तेच, आच तीच. एक बोअरच्या पाण्यात, दुसरी उष्ट्या पाण्यात. वाळल्यावर पोरांनी खुणेच्या चिठ्ठ्या काढून दोन्ही समोर ठेवल्या. मास्तरांनी त्या दारात उजेडाला नेल्या, उलटसुलट पाहिल्या आणि झळझळीत होती ती उचलली.

"ही माझ्या बोअरची."

निघाली उष्ट्या पाण्याची! अहो, बोअरचं पाणी जड. ज्यात साबणाला फेस येत नाही, त्यात रंग तरी कसा खुलणार? आरओनं तो जडपणा काढलेला. मास्तर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी प्लांटवर गेले नि म्हणाले, "ते उष्टं जरा जास्त सोडा इकडं."

पडद्यानं अडवलेल्या खाऱ्या पाण्याचं राहिलंच. सुतावर रंग चढायला मीठ लागतंच, म्हणून तिरुप्पूरला काही ठिकाणी ते साफ करून परत रंगाच्याच टाकीत घेतात. बाकीचं आटवायचं, आणि आटवायला इंधन जळतं, खर्च तिथंच बसतो. काचेपलीकडून हात दाखवताहेत, थांबतो. नमस्कार.