बाळाची बाटली आणि डेअरीतले आबा

नमस्कार श्रोतेहो.

आईचं दूध सगळ्यात चांगलं, हे मी प्रसूती वॉर्डात नोकरीभर सांगत आले आणि आजही तेच सांगणार. बाळाच्या दुधाच्या पावडरच्या डब्यावरसुद्धा हे छापावंच लागतं. १९९२ सालचा कायदाच आहे तसा. पावडरची आणि बाटलीची जाहिरात करायला बंदी, फुकट नमुने वाटायला बंदी, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायलाही बंदी. चांगला कायदा आहे. बारशाच्या डीजेसाठी कोणी असाच कायदा केला तर त्याला मी स्वतः जाऊन हार घालीन. असो.

आज बोलायचंय ते, आईचं दूध मिळणार नाही हे बाळ जन्मायच्या आधीपासूनच ज्यांना माहीत आहे, त्या घरांसाठी. कुणाची स्तनांची शस्त्रक्रिया झालेली असते. कुणाला अशी औषधं चालू असतात की डॉक्टरच पाजू नको म्हणतात. कुणाचं बाळ सरोगसीने येणार असतं. अशा घराला मदत कोणी करत नाही, प्रश्न मात्र सगळे विचारतात. "अगं, का नाही पाजत?" बायांनो, विचारू नका. ती सांगणार असेल तर आपणहून सांगेल.

या घरांच्या हातात एक गोष्ट असते, वेळ. सातव्या-आठव्या महिन्यात बाळाच्या डॉक्टरांना भेटा, पावडर कोणती ते त्यांनाच ठरवू द्या, आणि बाळंतपण जिथे होणार तिथेही आधी कळवून ठेवा. जवळपास दूधपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळायची जागा, आहे का तेही विचारा. मुंबईला शीवच्या रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू झाली, आता इतरही शहरांत आहेत. पण तिथलं दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांना जातं, हे धरून चला. आणि डबे आणून कपाट भरू नका. जन्मापासूनच्या बाळासाठीचा एक डबा पुरे, तारीख बघून घ्या.

आता आबांची गोष्ट सांगते, म्हणजे पावडर कालवायची कशी ते आपोआप कळेल.

कृष्णाकाठचं गाव. आबा गावच्या दूध संस्थेत संकलनावर होते. निवृत्त झाले, पण फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, काही डोक्यातून गेली नव्हती. सुनेची आधीच दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झालेली, दूध येणार नव्हतं आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. आठवा महिना लागला तसं मी म्हटलं, एका दुपारी सगळे या, रंगीत तालीम करू. सून आली, मुलगा आला, आजी आल्या. आणि आबा आले ते रुमालात लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा मोजायची तरंगती काचेची नळी, गुंडाळून.

मी डबा उघडला. आबांनी चष्मा वर सरकवून आत बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला, "बाई, ह्याची फॅट किती लागती?"

म्हटलं, "तयार झाल्यावर साडेतीनच्या आसपास."

"म्हंजी गाईचंच की! मग दारात गाय बांधलीया ती काय शोभंला?"

म्हटलं, "आबा, फॅट जुळली म्हणून दूध जुळत नाही. एसएनएफमध्ये, म्हणजे फॅट आणि पाणी सोडून जे उरतं त्यात, काय काय येतं?"

"साखर, प्रोटीन, क्षार." हे त्यांना झोपेतही पाठ.

"गाईच्या दुधात प्रोटीन आईच्या दुधाच्या तिप्पट असतं. क्षारही तसेच. वासराला ते लागतं, चार दिवसांत उड्या मारायचं असतं त्याला. आपल्या बाळाच्या मूत्रपिंडांना तो भार झेपत नाही. म्हशीचं तर आणखी जड. आणि पाणी घालून पातळ केलं तर?"

"तर फॅट पडती," आबा लगेच म्हणाले. "प्वाट भरंल, अंग भरायचं न्हाई."

झालं, गाईचा विषय तिथेच मिटला. श्रोतेहो, तुम्हीही ध्यानात ठेवा, वर्षाच्या आत गाईम्हशीचं दूध बाळाला प्यायला नाही.

मग कालवायची वेळ आली. आधी पाणी, मग पावडर. पुन्हा सांगते, आधी पाणी, मग पावडर. उलट केलं की पाणी कमी पडतं. किती पाण्याला किती मापं ते डब्यावर असतं. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक माप असं दिसेल, पण आपल्याच डब्यावरचं वाचायचं. शेजारणीच्या डब्यातला चमचा आपल्या डब्यात चालत नाही.

आजींनी चमचा घेतला आणि शिगोशीग भरला. मी म्हटलं, सपाट. सुरीच्या पाठीने वरचं काढून टाका, दाबू नका. आजींचा चेहराच उतरला. "बाई, मापाला शीग लावल्याबिगर मी कुणाला जोंधळंसुद्धा घातलं न्हाईत. आन् नातवाला मोजूनमापून? सावतरपणा झाला ह्यो!"

मी समजावलं, पावडर जास्त झाली की बाळाची शी घट्ट होते, अंगातलं पाणी कमी पडतं. सुनेने हळूच, "आत्या, त्या म्हणतात तसं करू या," म्हणून बघितलं. आजी ऐकेनात. तेव्हा आबांनी रुमाल सोडला. एका उंच पेल्यात सपाट मापाचं दूध केलं, दुसऱ्यात आजींच्या हातचं शीग लावलेलं. दोन्ही सारखं गार होऊ दिलं, तेवढ्यात चहा झाला. मग लॅक्टोमीटर पहिल्यात सोडला, आकडा बघितला, पुसला, दुसऱ्यात सोडला. दुसऱ्यात नळी चांगली वर उचलली गेली. आबा आजींना म्हणाले, "बघ, काटा कुठं गेला. हे दूध न्हवं, ही खीर झाली. आठ बार ही खीर पाजणार तू त्येला?" आजी वाकून बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "सुरी कुठली घ्यायची?"

बाळ झालं, मुलगी झाली. आबांनी घराचं संकलन केंद्रच केलं. वही घातली. वेळ, किती प्यायली, किती लंगोट ओले. पहिल्या दिवशी ती फारच थोडं प्यायची, मुलगा घाबरला. घाबरायचं नाही. पहिल्या दिवशी पोटच एवढंसं असतं. हळूहळू वाढत आठवड्याच्या शेवटी वजनाच्या किलोमागे दिवसाला १५० मिलीपर्यंत जातं. म्हणजे तीन किलोच्या बाळाला दिवसभरात साधारण ४५० मिली, आठ वेळांत वाटून. पाचव्या दिवसानंतर सहाएक लंगोट ओले झाले की पोटात जातंय असं समजा.

बाळंतिणीला बघायला एक मावशी चरवीभर म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन आल्या. आबा दारातच उभे. "सेंटर बंद हाय." मावशी रुसल्या, पण त्या दुधाची बासुंदी झाली आणि मावशींनी ती खाल्लीही.

रात्रीची एक बाटली मुलगा द्यायचा. हे मला फार आवडलं. आईच्या दुधाच्या बाबतीत बापाला सबब असते, बाटलीच्या बाबतीत कसलीही सबब नाही. एका रात्री बाटलीत थोडं उरलं. तो म्हणाला, दोन तासांनी हेच देऊ, पावडर महाग आहे. आबा अंथरुणातूनच ओरडले, "रातचं उरल्यालं सकाळच्या कॅनात वतणाऱ्याला आमी संस्थेत काय करायचो, ठावं हाय का?" अगदी बरोबर. बाळाचं तोंड लागलं की बाटलीत लाळ जाते. तासाभरात संपलं तर ठीक, नाहीतर ओतून द्यायचं. तोंड न लावलेलंही दोन तासांपुढे बाहेर ठेवायचं नाही.

आता घड्याळ बघतेय, वेळ संपत आली, तेव्हा राहिलेलं पटापट.

पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पावडर घाला. मग बंद बाटली गार पाण्याच्या पातेल्यात धरा, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघूनच पाजा. बाटली, बूच, निपल सुटं करून ब्रशने घासा आणि पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा. दर वेळी. आमचे बालरोगतज्ज्ञ वाटी-चमचा बाटलीपेक्षा बरा म्हणतात, आणि माझंही मत तेच, कारण तो घासायला सोपा. आजीचं बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं काढलंत तरी चालेल, पण नक्षीचं नको, नक्षीत दूध अडकतं.

मध, घुटी, साखरेचं पाणी काहीही नाही. मध तर वर्षभर नाही.

पाजताना बाळ मांडीवर, डोकं उंच. बाटली उशीला टेकवून उठून जायचं नाही. पहिले काही दिवस शक्यतो आईनेच पाजावं, बाळाला उघड्या छातीशी घ्यावं. दूध येत नसलं तरी ऊब आहे. आणि बाळ मान फिरवून नको म्हणालं की नको, बाटली रिकामी करायचा हट्ट नको.

बाळ सुस्त पडलं, प्यायचं सोडलं, ताप आला किंवा अंग गार लागलं, लंगोट कोरडे राहिले, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात न्या. आणि जाताना ती वही सोबत घ्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

नमस्कार.