बर्फाची सवय नसलेली शहरं

[दृश्य : रात्रीचा महामार्ग. आठही पदरांत गाड्या उभ्या. लाल दिव्यांची रांग नजर पोचेल तिथपर्यंत.]

२८ जानेवारी २०१४. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं अटलांटा शहर. दिवसभरात पडलेला बर्फ तीन इंचांच्याही आत. बॉस्टन किंवा शिकागोत एवढ्याशा बर्फाची कुणी दखलही घेत नाही. इथे मात्र हजारो माणसांनी ती रात्र गाडीत काढली. मुलं शाळेतच झोपली, काही तर स्कूलबसमध्येच अडकून पडली. एका बाळाने थेट महामार्गावर, गाडीतच जगात पाऊल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या लोकांनी अटलांटाची यथेच्छ टिंगल केली. पण त्या दुपारी रस्त्यावर नेमकं काय झालं, ते जरा जवळून पाहू.

हवामान खात्याचा इशारा पहाटेच आला होता. तरी शाळा भरल्या, कचेऱ्या उघडल्या. दुपारी बर्फ पडायला लागला आणि सगळ्यांनी एकदमच घरची वाट धरली. शाळा, कंपन्या, सरकारी कार्यालयं, सगळी एकाच वेळी सुटली. पहिल्या गाड्यांच्या चाकांखाली बर्फ दाबला गेला, किंचित वितळला आणि तिथेच पुन्हा गोठला. पुढच्या गाड्यांच्या वाट्याला आली ती गुळगुळीत काच. चढावर मोठे ट्रेलर आडवे झाले. आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकायला निघालेले ट्रक? ते याच कोंडीत मागे अडकलेले.

उणे पंधरा अंशांतला बर्फ कोरडा असतो, त्यावर टायरला थोडी तरी पकड मिळते. शून्याच्या आसपासच्या बर्फावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो, आणि घसरायला तोच पुरेसा. उबदार प्रदेशातला बर्फ बहुतेकदा असा, शून्याच्या उंबरठ्यावरचा. म्हणून तिथले दोन इंच उत्तरेतल्या दहा इंचांना भारी पडतात. शहर हसण्यावारी नेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

[दृश्य : बर्फाच्या जाड आवरणात गुंडाळलेली विजेची तार. तिच्या भाराने वाकलेला मनोरा.]

खरा घात करतो तो गोठणारा पाऊस. वर उबदार हवा, जमिनीलगत थंड हवेचा थर. वरून पडतो तो पाण्याचाच थेंब. खालच्या थरातून येताना तो शून्याखाली जातो, पण गोठत नाही. तारेला, फांदीला किंवा रस्त्याला टेकला की त्याच क्षणी बर्फ होतो. थेंबावर थेंब साचत जातो आणि ज्या तारांचं गणित नुसत्या वाऱ्यापावसाचं केलेलं असतं, त्यांना हा भार पेलवत नाही.

२००८ च्या जानेवारीत दक्षिण चीनमध्ये हेच झालं. वसंतोत्सवासाठी, म्हणजे चिनी नववर्षासाठी, कोट्यवधी कामगार गावी निघाले होते. हुनान प्रांतात मनोरे कोसळले, बीजिंग-ग्वांगझू मार्गावरच्या विजेवरच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्याचा फटका शेकडो किलोमीटर दक्षिणेला, ग्वांगझूच्या रेल्वे स्थानकाबाहेर दिसला : लाखो माणसांची गर्दी, आणि गाडी कधी सुटेल याचा पत्ता नाही. हुनानमधलं चेनझोऊ शहर तर कित्येक दिवस अंधारात होतं. वीज कर्मचारी मनोऱ्यांवर चढून काठीने ठोकून ठोकून बर्फ पाडत होते. अशाच एका मनोऱ्यासोबत कोसळून तिघांचा जीव गेला. त्यानंतर चीनने तारांमधूनच मोठा एकदिश (डीसी) प्रवाह सोडून त्या तापवायच्या आणि बर्फ वितळवायचा, हे तंत्र पक्कं केलं.

[दृश्य : माद्रिदचा ग्रान व्हिया रस्ता. गाड्यांऐवजी स्कीवरून चाललेली माणसं.]

जानेवारी २०२१, माद्रिद. फिलोमेना वादळाने शहराच्या काही भागांत अर्धा मीटर बर्फ पडला. बाराखास विमानतळ बंद, रस्त्यावर लष्कराचं आपत्कालीन पथक. ज्यांच्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या होत्या, त्यांनी डॉक्टर आणि परिचारिकांना दवाखान्यात पोचवायचं काम आपणहून उचललं. पहिले दोन दिवस मौजेचे होते. मग कडाका वाढला, बर्फ दगडासारखा झाला आणि हाडं मोडलेल्यांची दवाखान्यांत रीघ लागली. शिवाय झाडं. थंड प्रदेशातल्या बऱ्याच झाडांची पानं हिवाळ्यात गळून गेलेली असतात, बर्फ फांद्यांमधून खाली जातो. माद्रिदच्या सदाहरित पाईन आणि ओकने मात्र तो सगळा अंगावर झेलला. लाखो झाडांची मोडतोड झाली.

वर्षभराने, २४ जानेवारी २०२२ ला अथेन्सच्या टोल रस्त्यावर हजारो गाड्या रात्रभर अडकल्या. दर गाडीमागे २,००० युरो भरपाई मिळाली आणि पंतप्रधानांनी माफी मागितली. टोल घेऊन रस्ता मोकळा ठेवता येत नसेल, तर एवढं तरी व्हायलाच हवं.

मग या शहरांनी बर्फ ढकलणाऱ्या यंत्रांचे ताफे विकत घ्यायचे का? आमचं मत विचाराल तर, नाही. दहा वर्षांत एकदा लागणारं यंत्र नऊ वर्षं गंज खात पडणार. रस्त्यांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळेवर घेतलेला निर्णय : शहर आदल्या दिवशीच बंद करायचं, पुलांवर आधीच मिठाचं पाणी फवारायचं, कारण पुलाला खालूनही गार हवा लागते आणि तो रस्त्याच्या आधी गोठतो. अटलांटा हे दोन आठवड्यांतच शिकलं. त्याच फेब्रुवारीत दुसरं वादळ आलं तेव्हा लोक घरात होते आणि रस्ते ओस. २१ जानेवारी २०२५ ला न्यू ऑर्लीन्सच्या विमानतळावर आठ इंच बर्फाची नोंद झाली, तो तिथला विक्रम. पण शाळा-कचेऱ्या आधीच बंद होत्या, महामार्गही वाहतुकीला बंद केले गेले, आणि लोक गल्लीबोळांत बर्फाचे गोळे फेकत होते.

रस्ता दोन दिवस बंद राहिला तर फारसं बिघडत नाही. वीज आणि पाणी यांचं तसं नाही.

[दृश्य : टेक्सस. अंधारातली वस्ती. घराच्या छतातून गळणारं पाणी, खाली भिजलेला गालिचा.]

१५ फेब्रुवारी २०२१. पहाटेचा दोनचा सुमार. टेक्ससच्या वीजजाळ्याच्या नियंत्रण कक्षात वारंवारिता, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, घसरत होती. ६० हर्ट्झ हवी, ती ५९.४ च्या खाली गेली. तिथे नऊ मिनिटं राहिली असती, तर वीजकेंद्रं आपोआप एकेक बंद पडली असती आणि सगळं जाळं शून्यातून उभं करायला कित्येक आठवडे गेले असते. वस्त्यावस्त्यांची वीज तोडून ते वाचवलं गेलं, तेव्हा हातात ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती.

एवढी वेळ का आली? उष्ण प्रदेशातली वीजकेंद्रं बरीचशी उघड्यावर बांधतात. बॉयलर, टर्बाइन यांच्याभोवती भिंती नसतात, म्हणजे उन्हाळ्यात उष्णता कोंडत नाही. वर्षातले अकरा महिने हे शहाणपणाचंच. पण थंडी पडली की दाब आणि पातळी मोजणाऱ्या बोटाएवढ्या नळ्या गोठतात. मापन चुकलं की भलंमोठं यंत्र आपोआप बंद होतं. वीजकेंद्रांना इंधन पुरवणाऱ्या नैसर्गिक वायूच्या, म्हणजे गॅसच्या, विहिरीही गोठल्या. त्यातून वीज तोडताना गॅस ढकलणाऱ्या काही कॉम्प्रेसरचीही वीज गेली. गॅस नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून गॅस नाही.

घरांचंही तेच. पाण्याचे पाइप पोटमाळ्यातून नेलेले, वर पुरेसं आवरण नाही. गोठताना पाणी फुगतं आणि पाइप फुटतो, पण ते कळतं बर्फ वितळल्यावर. पाइप वाचवायला घरोघर नळाची धार बारीक चालू ठेवली, तर शहराच्या पाण्याचा दाब घसरला. ऊब मिळावी म्हणून काहींनी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, काहींनी घरात कोळसा पेटवला. कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली. राज्य सरकारच्या नोंदीनुसार या वादळाचे बळी २४६.

त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो आहे. ते टेक्ससच्या जाळ्यात नाही, पश्चिमेकडच्या जाळ्याला जोडलेलं आहे. २०११ च्या थंडीत त्याचेही हाल झाले होते. त्यानंतर तिथल्या वीज कंपनीने यंत्रांना आवरणं घातली, गॅस अडला तर तेलावर चालणारी नवी केंद्रं उभारली. २०२१ मध्ये तिथे फारच थोड्यांची वीज गेली, तीही थोड्या वेळासाठी. २०११ नंतर केंद्रीय यंत्रणांचा अहवाल उरलेल्या टेक्ससलाही मिळाला होता. शिफारशी त्याच होत्या. सक्ती नव्हती.

सक्तीचा कायदा २०२१ मध्ये झाला. डिसेंबर २०२२ ला पुन्हा कडाका पडला, तेव्हा टेक्ससचं जाळं टिकलं. वीज तोडायची पाळी या वेळी आली ती टेनेसी खोरे प्राधिकरण या आग्नेय अमेरिकेतल्या सरकारी वीज कंपनीवर, त्यांच्या जवळजवळ नव्वद वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदाच. त्यांचं कंबरलँडचं मोठं कोळसा केंद्र बंद पडलं होतं, कारण मोजमापाची उपकरणं गोठली होती.