पत्र्याला पाऊस नाही, ओल खाते

नमस्कार मंडळी! पत्रा गंजला की आपण नाशिककर आधी पावसाला शिव्या देतो, आणि इगतपुरी-घोटीकडचे तर जास्तच, तिकडे चार महिने नुसती धार. पण खरं सांगू का, धो धो पाऊस जीआय पत्र्यावरच्या (म्हणजे लोखंडी पत्र्यावर मुलामा दिलेल्या) जस्ताला तेवढा नडत नाही. पाऊस घाण धुवून नेतो, मग ऊन पडतं, पत्रा वाळतो, आणि असं ओलं-सुकं होत होत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जस्तावर झिंक कार्बोनेटचा करडा थर बसतो, तोच पुढे जस्ताला राखतो. चकचकीत पत्रा काळवंडला म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात, अहो ते चांगलं लक्षण आहे!

नडते ती न वाळणारी ओल. मागच्या जूनमध्ये कांदाचाळीसाठी पत्रे आणले, थप्पी लावली, ताडपत्री टाकली आणि गेलो विसरून. पंधरा दिवसांनी काढले तर मधल्या पत्र्यांवर पांढरी भुकटी, बोटाला पिठासारखी लागत होती. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं पण हवा नाही, मग करडा थर बसणार कसा, नुसतं जस्त जात राहतं. सगळ्यात वरचा पत्रा मात्र ठणठणीत!

निफाडच्या थंडीत पहाटे पत्र्याला खालून घाम फुटतो बघा, ती खालची बाजू पावसाने कधी धुतलीच जात नाही, त्यात गोठा असेल तर शेणमुताची वाफ. म्हणून गोठ्याचा पत्रा बऱ्याचदा आतून आधी जातो.

आता जस्त असतं तरी किती? १२० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, तेही दोन्ही बाजू मिळून, एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २७५ चा घेतला तर १९ च्या आसपास. कोरड्या, स्वच्छ हवेत वर्षाला मायक्रॉनभरही झिजत नाही, समुद्रकाठी खाऱ्या हवेत मात्र कितीतरी पट, म्हणून अलिबागच्या पाव्हण्याचा पत्रा आणि आपला पत्रा यांची बरोबरी करू नका.

आणि द्राक्षवाल्यांनो, बोर्डो फवारणीचं मोरचूद गॅल्वनाइज, म्हणजे जस्त चढवलेल्या, बादलीत भिजवू नका हं, प्लास्टिकचा ड्रम घ्या. मोरचुदात तांबं असतं. आमच्या एका शेजाऱ्याने भिजवलं होतं, दुपारपर्यंत बादलीला आतून लालसर थर, ते तांबं, आणि तेवढं जस्त पाण्यात उतरलेलं.