आणखी पन्नास फूट

नमस्कार, श्रोतेहो.

2013 च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या, तेव्हा अंबड तालुक्यातील आमच्या शेतात बोअरची गाडी लागली होती. आमच्याकडील काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखे नसते; ते वरच्या मुरमात आणि खडकातील भेगांत साठते, त्यामुळे भेग सापडली तर शंभर फुटांवर पाणी लागते आणि नाही सापडली तर पाचशे फुटांवरही नुसता फुफाटा उडतो. तीनशे फूट झाले तेव्हा गाडीवाल्याने वडिलांकडे पाहिले. आणखी पन्नास फूट घेऊ, असे मीच घाईने म्हणालो. वडिलांनी मात्र गाडी थांबवायला सांगितली. किती फुटांवर थांबायचे, हे त्यांनी आदल्या रात्री आईशी बोलून ठरवले होते; खड्ड्याच्या काठावर उभे राहिल्यावर माणसाला असे ठरवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

मला ते ठाऊक नव्हते. त्या वर्षी मी औरंगपुऱ्यातील एका अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करत होतो आणि उपजिल्हाधिकारी होण्याचा माझा तो तिसरा प्रयत्न होता. पूर्वपरीक्षा निघायची, मुख्य परीक्षेत थोड्या गुणांनी राहायचो. ज्याला काहीच मिळत नाही तो लवकर घरी परततो. ज्याचे थोडक्यात हुकते तो वर्षानुवर्षे अडकून पडतो, असे मी तिथे पाहिले. आज खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत ही परीक्षा देता येते. ही सवलत खेड्यातून उशिरा शिकून आलेल्या मुलांसाठी मोलाची आहे, आणि ती कमी करावी असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु दार किती वर्षे उघडे राहील एवढेच ती सांगते, दारात किती वर्षे उभे राहायचे ते ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

चिकाटी सोडू नका, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते, आणि मराठवाड्याला चिकाटी शिकवण्याची गरजही नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात 1978 च्या जुलैमध्ये झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत लोकांनी घरेदारे गमावली, काहींनी प्राण गमावले, तरी ती मागणी जिवंत राहिली, कारण एक थकला की दुसरा ती खांद्यावर घेत होता. एकट्याच्या स्वप्नाला असा खांदा मिळत नाही. ते एकाच शरीराने वाहायचे असते, आणि त्याचा खर्च पुष्कळदा दुसरेच कोणी भरत असते: मेसचे पैसे पाठवणारा भाऊ, लग्न लांबलेली बहीण, मोसंबी तोडून ज्वारी पेरणारे वडील. हे मी फार उशिरा मोजले, याची खंत अजून आहे.

पाचव्या प्रयत्नानंतर मी परतलो. सोडणे एका दिवसात होत नाही, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. पहिली दोन वर्षे निकालाच्या दिवशी मी यादी शेवटच्या नावापर्यंत वाचत असे. हळूहळू लक्षात आले, की खुर्ची गेली तरी तिच्यासाठी केलेला अभ्यास गेलेला नाही. वारसाच्या फेरफारासाठी किंवा बांधाच्या वादात गावातली माणसे माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात, तेव्हा 1966 चा जमीन महसूल अधिनियम मला कलमांसह आठवतो. ते काम मला मनापासून आवडते. मात्र ते त्या स्वप्नाच्या बरोबरीचे आहे, असे मी स्वतःला समजावत नाही.

गाडी गेल्यावर वडिलांनी त्याच संध्याकाळी बोअरच्या तोंडावर शहाबादी फरशी ठेवली आणि कडेने सिमेंट भरून ती पक्की केली, कारण शेतात लेकरे खेळतात. सभोवतालचे रान आम्ही दरवर्षी पेरतो. तास तिथपर्यंत आले, की तिफण हाताने उचलायची, फरशी ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा टेकवायची.