निऱ्यांची पिन कोणी काढली?

नमस्कार मंडळी. विषय ऐकून लगेच स्टेशन बदलू नका. आज बोलायचंय जिंक फिंगरबद्दल, म्हणजे जस्ताच्या बोटाबद्दल. जस्त म्हणजे तेच हो, पितळेत तांब्याच्या जोडीला असतं ते, आणि लहान मुलाला जुलाब झाले की डॉक्टर ओआरएसबरोबर १४ दिवस ज्याचं औषध देतात तेच. ते शरीरात जाऊन बरीच कामं करतं, त्यातलं एकच सांगतो. आपल्या पेशींमध्ये शेकडो प्रथिनं अशी आहेत की त्यांची घडीच जस्तावाचून बसत नाही, आणि त्यातली बरीचशी डीएनएला धरून कुठलं जीन चालू करायचं, कुठलं बंद ठेवायचं ते ठरवतात.

घडी म्हणजे कशी, तर साडीच्या निऱ्या आठवा. कितीही नीट घाला, सेफ्टी पिन लावली नाही तर चार पावलांत सुटतात. जिंक फिंगर म्हणजे साधारण ३० अमिनो आम्लांची, म्हणजे ज्या मण्यांची प्रथिनाची माळ बनते त्यांची पट्टी, एवढ्याशा पट्टीला स्वतःच्या बळावर आकार टिकवता येत नाही, म्हणून तिच्यातले दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन असे चौघं मिळून मधे जस्ताचा एक अणू पकडून ठेवतात. जस्त म्हणजे पिन. परत सांगतो, जस्त म्हणजे पिन, कारण पुढची सगळी गोष्ट ही पिन कोण काढत होतं त्याचीच आहे.

आता गोष्ट. ही मी इतक्यांदा सांगितलीये की मी सुरू झालो की बायको चहा ठेवायला म्हणून आत जाते ती येतच नाही.

साल १९८२. इंग्लंडमधलं केंब्रिज, तिथली मेडिकल रिसर्च कौन्सिलची लॅब, आणि आरन क्लुग. जन्म लिथुआनियातला, लहानाचे मोठे झाले दक्षिण आफ्रिकेत डर्बनला, आणि त्याच वर्षी त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. आपल्याकडे तालुक्याचा पुरस्कार मिळाला तरी माणूस पुढची दोन वर्षं शाल-श्रीफळ घेत फिरतो, पण ते असो. क्लुगनी जोनाथन मिलर नावाच्या नव्या विद्यार्थ्याला काम दिलं, झेनोपस बेडकाच्या कच्च्या अंड्यांत एक कण असतो, एक प्रथिन आणि एक आरएनए (डीएनएचा भाऊबंद) एकमेकांना धरून बसलेले, तो शुद्ध करायचा. प्रथिनाचं नाव टीएफ थ्री ए, जीन चालू करणाऱ्यांपैकीच एक. (हा बेडूकही दक्षिण आफ्रिकेचाच बरं का, आणि पूर्वी बाई गरोदर आहे का ते बघायला याच्याच मादीला त्या बाईच्या लघवीचं इंजेक्शन द्यायचे, तिने अंडी घातली की पेढे वाटा. असो, भरकटलो.)

मिलरने छापलेली कृती जशीच्या तशी केली आणि हाती काय आलं, तर जवळजवळ काहीच नाही. कण वाटेतच सुटून जायचा, कढी फुटते ना तसा. अशा वेळी सरांचं ठरलेलं वाक्य असतं, तूच काहीतरी चुकलास, परत कर. मी स्वतः कॉलेजात हे वाक्य ऐकलंय आणि खरं सांगायचं तर पुढे मुलांना ऐकवलंय पण. इथे मात्र संशय कृतीवर घेतला गेला. त्या कृतीत डीटीटी नावाचं एक रसायन होतं. लॅबमध्ये ते हळदीसारखं, कुठल्याही प्रथिनात चिमूटभर टाकायचंच, का म्हणून कोणी विचारत नाही. डीटीटी गंधक-गंधकाचे बंध तोडतं, आणि डीटीटी टाकलं की कण सुटतो हे आधी दिसलेलं होतं, त्यामुळे लोकांनी सरळ हिशोब केला होता की कण गंधकाच्या बंधांनीच जोडलेला असणार.

मग त्यांनी तेच बंध तोडणारं दुसरं रसायन वापरून बघितलं, सोडियम बोरोहायड्राइड. आणि कण सुटलाच नाही! म्हणजे बंध तोडणारे दोघं, एकाने कण सुटतो, दुसऱ्याने सुटत नाही. तेव्हा लक्षात आलं की डीटीटीला आणखी एक खोड आहे, ते धातू पळवतं. मग धातू धरून ठेवणारी इतर रसायनं टाकून बघितली, ईडीटीए वगैरे, कण सुटला. जस्त घालून बघितलं, कण टिकला. दुसरे धातू घालून बघितले, उपयोग शून्य. चोर घरातलाच होता मंडळी, शुद्ध करायला म्हणून जे घालत होते तेच निऱ्यांची पिन काढत होतं!

बरं, एक नाही दोन नाही, मोजलं तर एका कणात जस्ताचे ७ ते ११ अणू निघाले. दुसऱ्या एका लॅबने २ ते ३ मोजले होते, त्यांच्या द्रावणात अर्थातच डीटीटी होतं. मग प्रथिनाचे एन्झाइमने तुकडे केले तर साधारण सारख्याच मापाचे तुकडे पडायला लागले. तोवर अमेरिकेतून प्रथिनाची अक्षरओळ, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, छापून आली होती, ती बघितली तर ३० अक्षरांचा तोच नमुना ९ वेळा, प्रत्येकात दोन सिस्टीन, दोन हिस्टिडीन. १९८५ मध्ये पेपर आला. डीएनएला धरतं म्हणून बोट.

पण हे सगळं तर्काने. डीएनएला धरलेलं बोट दिसलं कधी, तर १९९१ मध्ये, अमेरिकेत बाल्टिमोरला, निकोला पाव्लेटिच आणि कार्ल पाबो यांनी झिफ२६८ या उंदराच्या प्रथिनातली तीन बोटं डीएनएसकट क्रिस्टलमध्ये बसवली तेव्हा. क्रिस्टल म्हणजे आपली खडीसाखर, सगळे रेणू एका रांगेत. त्यावर एक्स-रे मारायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून आकार काढायचा. इथे २.१ अँगस्ट्रॉमपर्यंत दिसलं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचे एक कोटी भाग करा, त्यातला एक.

दिसलं काय? एका बाजूला हेअरपिनसारखी वळलेली पट्टी, तिच्यावर दोन सिस्टीन, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगसारखा पीळ, त्याच्यावर दोन हिस्टिडीन, मधे जस्त. जस्त स्वतः डीएनएला शिवतसुद्धा नाही. ते फक्त पीळ जागेवर ठेवतं, आणि तो पीळ डीएनएच्या मोठ्या खाचेत शिरून डीएनएची अक्षरं वाचतो. एक बोट साधारण ३ अक्षरं, तीन बोटं ९ अक्षरं. बोटं बदला, अक्षरं बदलतात, आणि याच हिशोबावर पुढे जीन कापायच्या कात्र्या बनवल्या गेल्या, एचआयव्हीच्या १२ रुग्णांना तशा कात्रीने बदललेल्या त्यांच्याच पेशी परत दिल्या, त्याचा पेपर २०१४ चा. यावर खरं तर वेगळं बोलायला हवं, पण काचेपलीकडून हात दाखवतायत, म्हणजे बेडकाने वेळ खाल्लाच. नमस्कार.