मिशिगनच्या नकाशावरची नावं : खरी, उसनी आणि घडवलेली

(व्याख्यानाचं संपादित रूप)

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ८३ काउंट्या आहेत. त्यांच्या नावांचे अर्थ सांगणाऱ्या याद्या कुठेही मिळतात, पण त्यांच्यात एक मोठी उणीव असते. नाव कोणी दिलं आणि कोणत्या साली दिलं, हे त्या सांगत नाहीत. साल आणि माणूस कळल्याशिवाय अर्थावर विश्वास ठेवायचा नाही, या एका नियमावर आजचं सगळं बोलणं उभं आहे. मिशिगनमध्ये तर हा नियम फारच गरजेचा आहे, कारण इथली दहाएक नावं ऐकायला 'इंडियन' वाटतात, पण ती कोणत्याही आदिवासी भाषेतली नाहीत. एका सरकारी अधिकाऱ्याने ती टेबलावर बसून घडवली.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. आपण तिला जिल्हा म्हणतो, पण आकाराने ती आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी असते. १८१५ साली इथे सरकारी मोजणी सुरू झाली. पूर्व-पश्चिम जाणारी एक पायारेषा आणि उत्तर-दक्षिण जाणारी एक मध्यरेषा आखली गेली. डेट्रॉइटचा एट माइल रोड तुमच्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या वाटेवरचा असेल. तो याच पायारेषेवर आहे. वेन, वॉश्टनॉ, जॅक्सन, कॅलहून, कालमाझू आणि व्हॅन ब्युरेन या काउंट्यांची उत्तर सीमाही तीच. या दोन रेषांपासून ६ मैल बाय ६ मैलांचे चौकोन पाडले. त्या चौकोनाला टाउनशिप म्हणतात. चार आडवे आणि चार उभे, असे १६ चौकोन जोडले की २४ मैल बाय २४ मैलांची, म्हणजे ५७६ चौरस मैलांची काउंटी तयार होते. क्रॉफर्ड किंवा रॉसकॉमनचा चौकोनी आकार पाहिलात तर हे हिशेब डोळ्यांनी दिसतात.

याचा नावांशी संबंध असा की उत्तरेकडच्या काउंट्या आधी आकड्यांत जन्मल्या. तिथे गोऱ्या वसाहती जवळपास नव्हत्याच. आपलं गाव अमक्या नावाने ओळखलं जावं, असा आग्रह धरणारे मतदार नव्हते. चौकोन तयार, नावाची जागा रिकामी. ती भरायला ज्याच्या हाती लेखणी होती, त्याची मर्जी चालली.

दक्षिणेकडची गोष्ट वेगळी. तिथे मर्जी चालली ती राजकारणाची. २९ ऑक्टोबर १८२९ रोजी मिशिगन टेरिटरीने (राज्याचा दर्जा मिळण्याआधीचा हा मुलूख) एका दिवसात १२ काउंट्या आखल्या. त्यातली नावं वाचा : बॅरी, बेरियन, ब्रँच, कॅलहून, कॅस, ईटन, इंगहॅम, जॅक्सन, व्हॅन ब्युरेन. अँड्र्यू जॅक्सन त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष झाले होते. कॅलहून त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष, व्हॅन ब्युरेन परराष्ट्रमंत्री, इंगहॅम अर्थमंत्री, ईटन युद्धमंत्री, ब्रँच नौदलमंत्री, बेरियन महान्यायवादी, बॅरी पोस्टमास्टर जनरल. म्हणजे अख्खं मंत्रिमंडळच नकाशावर आणून बसवलं. कॅस तेव्हा मिशिगनचे गव्हर्नर होते. ते १८३१ मध्ये युद्धमंत्री झाले. १८३३ मध्ये नवे परराष्ट्रमंत्री एडवर्ड लिव्हिंगस्टन यांचं नाव आणखी एका काउंटीला मिळालं आणि या गटाची संख्या दहा झाली. त्यांना 'कॅबिनेट काउंटीज' म्हणतात. मिशिगनला राज्याचा दर्जा हवा होता आणि तो वॉशिंग्टनमधूनच मिळणार होता. तो मिळाला २६ जानेवारी १८३७ रोजी.

खरं तर हे मंत्रिमंडळ फार टिकलं नाही. ईटन यांच्या पत्नीला वॉशिंग्टनमधल्या इतर मंत्र्यांच्या घरांनी वाळीत टाकलं, त्यावरून फाटाफूट झाली, आणि १८३१ मध्ये व्हॅन ब्युरेन, ईटन, इंगहॅम, ब्रँच, बेरियन हे सगळे बाहेर पडले. मूळ मंत्र्यांपैकी एकटे बॅरी उरले. नावं मात्र दोनशे वर्षं होत आली तरी तशीच आहेत. इथे साल ठाऊक असणं किती उपयोगी पडतं पाहा. नुसतं 'इंगहॅम नावाच्या माणसावरून' एवढं कळलं तर काहीच हाती लागत नाही. १८२९ हे साल कळलं की नऊ नावं एकदम उलगडतात.

फ्रेंचांची नावं जुनी आहेत आणि बहुतेक सरळ आहेत. प्रेस्क आइल म्हणजे 'जवळपास बेट', द्वीपकल्पाला फ्रेंचमध्ये म्हणतात तसं. ग्रँड ट्रॅव्हर्स म्हणजे मोठी ओलांडणी. किनाऱ्याने वळसा न घेता खाडीच्या तोंडावरून होडी सरळ पलीकडे न्यायची, ती वाट. लपीर हे 'ला पिएर' म्हणजे दगड, इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेलं. बेन्झी ओळखायला त्याहून अवघड. तिथल्या नदीला फ्रेंच लोक करवतीसारखी चोच असलेल्या पाणबदकांवरून 'बेक सी' म्हणत. इंग्रजीत त्याचं 'बेट्सी' झालं आणि काउंटीच्या नावात 'बेन्झी'. सेंट क्लेअरमध्ये मात्र फसगत होते. १२ ऑगस्ट १६७९ रोजी, संत क्लारा यांच्या सणाच्या दिवशी, फ्रेंच शोधप्रवासी ला साल यांचं जहाज त्या सरोवरात शिरलं आणि सरोवराला ते नाव मिळालं. पुढे आर्थर सेंट क्लेअर नावाचे एक सेनानी या मुलखाचे गव्हर्नर झाले, म्हणून काउंटी त्यांच्या नावाची असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं. काउंटीचं नाव तपासताना आधी त्याच नावाची नदी, सरोवर किंवा किल्ला जुन्या नकाशावर आहे का, हे बघायचं ते यासाठी.

आता मूळ मुद्द्याकडे. हेन्री रो स्कूलक्राफ्ट १८२२ मध्ये सू सेंट मरी इथे सरकारचे इंडियन एजंट, म्हणजे आदिवासींशी सरकारचे व्यवहार पाहणारे अधिकारी, म्हणून आले. १८२३ मध्ये त्यांनी जेन जॉन्स्टन यांच्याशी लग्न केलं. जेन यांची आई ओजिब्वे या इथल्या आदिवासी जमातीतली आणि वडील आयर्लंडहून आलेले फरचे व्यापारी. जेन स्वतः इंग्रजीत आणि ओजिब्वेत कविता लिहीत. स्कूलक्राफ्ट यांना या लोकांच्या कथा-भाषांबद्दल जे कळलं, त्यातलं पुष्कळ जेन आणि त्यांच्या माहेरच्या माणसांकडून. १८३६ च्या वॉशिंग्टन तहात ओडावा आणि ओजिब्वे या जमातींकडून सुमारे १ कोटी ३८ लाख एकर जमीन सरकारने घेतली. त्या वाटाघाटी सरकारच्या बाजूने स्कूलक्राफ्ट यांनीच केल्या. १८४० मध्ये उत्तरेकडचे जे चौकोन आखले गेले, ते बहुतेक याच जमिनीवर. नावं सुचवायला विचारलं गेलं तेही त्यांनाच.

नाव घडवण्याची त्यांची रीत समजून घ्यायची तर शेजारच्या मिनेसोटातलं इटास्का सरोवर घ्या. १८३२ मध्ये मिसिसिपीचा उगम तिथे आहे हे ठरलं. स्कूलक्राफ्ट यांनी 'वेरितास कापुत' हे लॅटिन शब्द घेतले, सत्य आणि शीर. रोमन लिपीत (veritas caput) पहिल्याची सुरुवातीची तीन अक्षरं कापली, दुसऱ्याची शेवटची तीन. उरलं 'इटास्का'. ऐकणाऱ्याला वाटावं की हा एखादा जुना आदिवासी शब्द आहे. मिशिगनमध्ये हीच कात्री चालली. अरेनॅक : लॅटिन 'अरेना' म्हणजे वाळू, आणि जागेसाठी एका आदिवासी शब्दाचा शेपटाचा तुकडा. अल्पेना : अरबीतलं 'अल' आणि ओजिब्वेतला तित्तिरवर्गीय पक्ष्याचा शब्द. अल्कोना : पुन्हा अरबी 'अल', मध्ये मैदानासाठी एक तुकडा आणि शेवटी चांगुलपणा दाखवणारा 'ना'. ऑस्कोडा : दगड आणि माळरान या दोन ओजिब्वे शब्दांचे तुकडे जोडून. टस्कोला, आयॉस्को आणि कॅल्कास्का याच पठडीतली. कॅल्कास्काबद्दल अभ्यासकांचा तर्क असा की त्यात स्कूलक्राफ्ट घराण्याचं जुनं आडनाव कॅलक्राफ्ट दडलेलं आहे. तर्क म्हणून तो लक्षात ठेवावा, सिद्ध गोष्ट म्हणून सांगू नये.

घडवलेलं नाव ओळखायचं कसं? उच्चारावरून सुरुवात करता येते. मराठीत एकही शब्द 'ळ'ने सुरू होत नाही. एखाद्याने 'ळ'ने सुरू होणारं नाव दाखवून ते अस्सल मराठी आहे म्हटलं, तर कोशात बघायचीही गरज नाही. ओजिब्वेत तसाच 'ल' नाही, 'र' नाही आणि 'फ'ही नाही. आता लीलनॉ हे नाव घ्या. त्यात 'ल' दोनदा येतो. हे नाव स्कूलक्राफ्ट यांनी १८३९ मध्ये छापलेल्या कथांमधल्या एका मुलीचं आहे, आणि त्याआधी १८२६-२७ च्या त्यांच्या हस्तलिखित मासिकात जेन यांनी तेच टोपणनाव म्हणून वापरलं होतं. 'लीलनॉ म्हणजे जीवनाचा आनंद' असा अर्थ पर्यटनाच्या पत्रकांत असतो. तो अर्थ स्कूलक्राफ्ट यांनी दिला, ओजिब्वे बोलणाऱ्यांनी नव्हे.

पण ही कसोटी आंधळेपणाने लावू नका. लेनवी या नावातही 'ल' आहे. शॉनी आणि डेलावेअर या भाषांत मात्र 'ल' आहे, आणि माणूस या अर्थाच्या त्यांच्या शब्दाशी हे नाव जोडलं जातं. कालमाझूत 'ल' आहे, तरी नदीचं ते नाव स्कूलक्राफ्ट यांच्या आधीपासून व्यापाऱ्यांच्या तोंडी होतं. परक्यांनी ऐकून लिहिताना उच्चार बदलतात. म्हणून 'ल' दिसला की थांबायचं आणि जुने नकाशे उघडायचे. निकाल तिथेच द्यायचा नाही.

अस्सल नावं याच्या शेजारी ठेवली की फरक चटकन कळतो. मेनॉमिनी हे 'मनूमिन'वरून, म्हणजे सरोवरांच्या उथळ पाण्यात उगवणारा रानतांदूळ. ओगमॉमध्ये 'ओगिमा' म्हणजे प्रमुख. कीविनॉ म्हणजे होडी आणि सामान खांद्यावर घेऊन जमिनीवरून ओलांडायची वाट. कीविनॉ द्वीपकल्पाला वळसा घालण्याचे कितीतरी मैल त्या वाटेने वाचत. या शब्दांच्या मागे कोणाचं तरी रोजचं जगणं आहे. अल्कोनामागे कोणाचंही नाही.

सगळ्यात जास्त खटकतं ते ८ मार्च १८४३ रोजी झालं ते. १८४० च्या नावांपैकी १६ नावं त्या दिवशी बदलली. मूळ नावं लिहायला-बोलायला कठीण, अशी तक्रार होती. केशकॉको, कॉटावॉबेट, चिओनोक्वेट ही नावं त्या काळच्या कारकुनांना जड गेली असतील हे खरं. त्यातली बरीच प्रत्यक्ष होऊन गेलेल्या प्रमुखांची होती. मीगिसी, म्हणजे गरुड, जाऊन अँट्रिम आलं. मिकेनॉक, म्हणजे कासव, जाऊन रॉसकॉमन. काइकाकीचं क्लेअर झालं, कॉटावॉबेटचं वेक्सफर्ड, टोनेडागानाचं एमेट. अँट्रिम, रॉसकॉमन, क्लेअर, वेक्सफर्ड ही आयर्लंडमधल्या काउंट्यांची नावं आणि रॉबर्ट एमेट हा १८०३ मध्ये फाशी गेलेला आयरिश क्रांतिकारक. याचं श्रेय मॅकिनॉकडचे आयरिश आमदार चार्ल्स ओमॅली यांना दिलं जातं. एका काउंटीला मेसन हे नाव मिळालं. राज्याचे पहिले गव्हर्नर स्टीव्हन्स मेसन दोनच महिन्यांपूर्वी, वयाच्या ३१ व्या वर्षी वारले होते.

आयरिश नावं निदान उघड उघड परकी आहेत, त्यांच्याबद्दल कोणाची दिशाभूल होत नाही. दिशाभूल होते ती पुढच्या पाच ठिकाणी. अनामिकी, म्हणजे मेघगर्जना, हे एका ओजिब्वे प्रमुखाचं नाव. ते काढून घडवलेलं अल्पेना लावलं. नेग्वेगॉन काढून अल्कोना. कानोटिन काढून आयॉस्को. वॅबसी काढून कॅल्कास्का. उन्वॅटिन या ओडावा प्रमुखाचं नाव काढून ऑसिओला लावलं. ऑसिओला हा थोर योद्धा होता, पण फ्लॉरिडातल्या सेमिनोलांचा. मिशिगनशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणजे इथल्या माणसांची नावं गेली, आणि जागेवर जे आलं त्याकडे बघून लोक आजही म्हणतात की या राज्याने आदिवासी नावं जपली. त्याच मार्च महिन्यात उत्तर द्वीपकल्पातल्या एका काउंटीला स्कूलक्राफ्ट हे नाव दिलं गेलं.

तारखांची आणखी एक अडचण सांगायला हवी, कारण अभ्यास करणाऱ्यांची चूक बहुधा इथेच होते. काउंटी 'आखली' ते एक साल आणि तिचा कारभार सुरू झाला ते दुसरं. लीलनॉ १८४० मध्ये आखली गेली, कारभार सुरू झाला १८६३ मध्ये. मधल्या काळात अशी काउंटी न्यायालय आणि नोंदींसाठी शेजारच्या काउंटीला जोडलेली असे. नावाचा शोध घेताना आखणीचं साल धरायचं. जुनं खरेदीखत किंवा जन्माची नोंद शोधताना मात्र कारभार कुठून चालत होता ते बघायचं, नाहीतर चुकीच्या कचेरीत दिवस जातो. काही काउंट्या तर नाहीशाच झाल्या. मॅनिटू १८९५ मध्ये मोडली आणि तिची बेटं शार्लव्हॉय आणि लीलनॉमध्ये वाटली गेली. आइल रॉयल १८९७ मध्ये कीविनॉत विरली. सगळ्यांत शेवटी, १८९१ मध्ये, डिकिन्सन आखली गेली. ते नाव पुन्हा एका पोस्टमास्टर जनरलचंच, १८२९ च्या बॅरीसारखं. डेल्टाचं नाव तिच्या पहिल्या, ग्रीक 'डेल्टा' अक्षरासारख्या त्रिकोणी आकारावरून. सीमा बदलल्या, त्रिकोण गेला, नाव राहिलं.

नेग्वेगॉन हा ब्रिटिशांविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात अमेरिकनांच्या बाजूने उभा राहिलेला प्रमुख. त्याच्या नावाची काउंटी तीन वर्षंसुद्धा टिकली नाही. ह्युरॉन सरोवराच्या काठी, अल्पेना आणि अल्कोना यांच्या हद्दीवर, आज नेग्वेगॉन स्टेट पार्क आहे. त्या दोन घडवलेल्या नावांच्या मधोमध ते एक खरं नाव आहे. उत्तरेला गेलात तर तिथे थांबा आणि पाटीवरचं नाव मोठ्याने वाचा.